धूर धुण्याचं पाणी

आमच्या घरात खिडकी उघडायची की नाही हे मी ठरवत नाही, भट्टी ठरवते. सकाळी दार उघडून पायरीवर उभं राहायचं आणि आधी चिमणीकडे बघायचं. धूर नसेल तर खिडकी उघडायची. धूर पूर्वेकडे जात असेल तरी उघडायची, कारण पूर्वेला मुलांचं वसतिगृह आहे आणि त्यांची काळजी करायला त्यांचे आईबाप आहेत. असं मी मनात खरोखर म्हणते. चांगलं वाटत नाही, पण म्हणते. धूर आमच्या बाजूला वळला असेल तर टॉवेल ओला करून पिळायचा, खिडकीच्या फटीत कोंबायचा, दुसरा दाराखाली लावायचा, आणि मग मी ग्रंथालयात कामाला जायचं. आई आत बसून राहणार.

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, नोकरीची अजून काही वर्षं बाकी आहेत. नांदेड आणि लातूरच्या मधल्या माळावर ते आहे, एवढं पुरे. तिथं जनावरांचा दवाखाना आहे, रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळा आहेत, प्रयोगासाठी पाळलेले उंदीर आणि ससे आहेत. या सगळ्यातून जो कचरा निघतो तो उकिरड्यावर टाकता येत नाही. सुया, रक्ताचे बोळे, मेलेली जनावरं. ते जाळायला कर्मचारी वसाहतीच्या मागं भट्टी बांधलेली आहे. आधी कोणी बांधलं, वसाहत की भट्टी, यावर अजून वाद होतो. दोघांनीही एकमेकांना बघितलं नसावं असं बांधकाम आहे.

चिमणीतून निघणाऱ्या धुरात काय किती असावं याचे नियम आहेत. आमच्या भट्टीला ते पाळता येत नाहीत, आणि पाळता येत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून विद्यापीठ वरच्या कार्यालयाकडं तात्पुरती सवलत मागतं. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत भट्टी आहे तशी चालवू द्या, असा अर्ज जातो, सवलत मिळते, ती संपायच्या आधी मुदतवाढीचा अर्ज जातो. पर्यायी व्यवस्था मात्र येत नाही. मीही ग्रंथालयात आधी कितीतरी वर्षं तात्पुरतीच होते, त्यामुळे तात्पुरतं म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आम्ही आईला माय म्हणतो. ती उमरीहून माझ्याकडं राहायला आली ती दम्यामुळं. उमरीला आता तिच्यासोबत कुणी नव्हतं आणि दवाखाना लांब होता. माझं लग्न झालेलं नाही, आणि ते का झालं नाही हे विचारायची मायची हौस कधीच संपलेली आहे. विद्यापीठात दवाखाने आहेत, डॉक्टर आहेत, तळमजल्याचं क्वार्टर आहे, असा विचार करून मी तिला आणलं. डॉक्टर जनावरांचे निघाले आणि क्वार्टर भट्टीलगतचं. मायला हे सांगितल्यावर ती हसली होती. म्हणाली, "बरं झालं, मी बी आता जनावरावानीच धापा टाकून राहिले."

क्वार्टर बदलून मागितलं तर वरच्या मजल्याचं मिळत होतं. मायला जिना चढवत नाही. बाहेर गावात खोली घ्यावी तर तिला दिवसभर एकटं ठेवून मला बसनं यावं लागलं असतं, आणि दम लागला की मी पाच मिनिटांत घरी पोचायला हवी. बदली मागायला आमच्या विद्यापीठाला दुसरं गाव नाही. असं सगळीकडून डोकं आपटून मी पुन्हा त्याच खिडकीशी यायची. माझ्या हातात एकच होतं, तक्रार. ती मी केली. धुरामुळं आईला त्रास होतो असं लिहून दिलं. उत्तर आलं नाही, पण तक्रार फाईलला लागली. पुढं ती कशी उपयोगी पडली ते सांगतेच.

आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये उदगीरचं कुटुंब राहतं. मुलगा कार्यालयात आहे, सून घरी, आणि सासू, म्हणजे उदगीरच्या आजी. आजी आणि माय यांचं गूळपीठ. दोघी दुपारी आपापल्या पायरीवर बसायच्या आणि मधल्या सिमेंटच्या वाटेवरून एकमेकींशी बोलायच्या. आजी बोलता बोलता कानडी शब्द टाकायच्या. नको म्हणायचं तर "बेडा, यव्वा" म्हणायच्या आणि मायनंही तो शब्द उचलला होता. मी जास्त भात वाढला की ती मलाही "बेडा" म्हणायची.

आजी लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीसारख्या चौकीत इष्टलिंग. रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, ते तळहातावर घ्यायचं आणि पूजा करायची. पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही, चहा तर दूरच. पूजेच्या वेळी त्या लहानशी घंटी वाजवत, तिचा आवाज आमच्या घरात यायचा. आम्ही बौद्ध. माय या पूजेची टर उडवायची.

"म्हातारे, आंघोळ केल्याबगर तुझा देव तुला वळखत न्हाई का?"

"त्यो वळखतो गं," आजी म्हणायच्या. "मीच मला वळखत न्हाई."

दोघी हसायच्या. मग मायला खोकला यायचा आणि हसणं तिथंच थांबायचं.

एका हिवाळ्यात खरोखरच पर्यायी व्यवस्था आली. चिमणीच्या आधी एक उंच टाकी बसवली. तिला स्क्रबर म्हणतात. धूर त्या टाकीतून जातो, त्याच्यावर पाण्याचे फवारे मारतात, काजळी आणि जळजळीत वायू पाण्यात उतरतात आणि वर जवळपास नुसती वाफ जाते. आमच्या वसाहतीनं त्याला धूर धुवायचं मशीन असं नाव दिलं.

मशीन सुरू झालं आणि मी टॉवेल वाळत घातले. कितीतरी दिवस मला विश्वासच बसत नव्हता, सवयीनं पायरीवर उभी राहून चिमणीकडं बघायची. माय आडवी होऊन झोपायला लागली. त्याआधी ती उशा मांडीवर घेऊन बसून झोपायची. ती एकटी फाटकापर्यंत जाऊन यायला लागली. एकदा मी जेवायला घरी आले तर दोन्ही खिडक्या सताड उघड्या आणि माय आजींना मोठ्यानं काहीतरी जुनी गोष्ट सांगत होती, न थांबता, पूर्ण वाक्यं. मी दारातच थांबले. आईचं पूर्ण वाक्य ऐकून रडू येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी इतकी खूश होते की त्या दिवशी ग्रंथालयात उशिरा आलेल्या पुस्तकांचा दंडही घेतला नाही.

मग उन्हाळा लागला.

मशीनला पाणी लागतं. तेच पाणी फिरून फिरून वापरतात, पण गरम धुरानं त्यातलं बरंच उडून जातं आणि उरलेलं इतकं खारट होतं की ते काढून टाकून नवं भरावं लागतं. हे नवं पाणी यायचं वसाहतीच्या बोअरमधून. त्याच बोअरचं पाणी आमच्या नळाला. हिवाळ्यात कुणाला फरक कळला नाही. उन्हाळ्यात बोअर धापा टाकायला लागला आणि नळ आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग येईल तेव्हा. लातूरकडच्या माणसाला पाण्याची टंचाई नवी नाही. ड्रम, टाक्या, बादल्या सगळ्यांकडं असतातच. पण यावेळी पाणी कुठं जातंय हे सगळ्यांना दिसत होतं. मागं चिमणीवरून पांढरी वाफ निघायची आणि बायका रिकाम्या बादल्यांपाशी उभ्या राहून तिच्याकडं बघायच्या.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. फक्त, धुराची तक्रार केलेली मी एकटीच, म्हणून मी आले की बोलणं थांबायचं. एकदा नळापाशी एकीनं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "काहींच्या घरी हवा पाहिजे, काहींच्या घरी पाणी." मी घरी येऊन एक स्टीलचा डबा आपटला. मायनं काय झालं विचारलं. मी म्हटलं, झाकण बसत नव्हतं.

मी अभियंता साहेबांकडं गेले. विद्यापीठाच्या अतिथीगृहापुढं हिरवळ आहे आणि तिला भर उन्हाळ्यात रोज पाणी दिलं जातं. ते पाणी मशीनला द्या, म्हणजे बोअर वसाहतीला राहील, असं मी म्हणाले. मला वाटलं, इतकी साधी गोष्ट कुणालाच कशी सुचली नाही.

"मॅडम, ती लाईन वेगळी आहे," साहेब म्हणाले.

"मग जोडा."

"तिचं बजेटचं हेड वेगळं आहे. आणि पुढच्या महिन्यात तपासणीला समिती येणार आहे, लॉन वाळवून कसं चालेल?"

समितीला हिरवळ दाखवायची होती. माझी आई दाखवायची नव्हती. मी हे बोलून दाखवलं आणि साहेब दुखावल्यासारखे झाले. ते वाईट नव्हते. त्यांच्याही घरी पाणी येत नव्हतं. त्यांनी मला चहा दिला, अर्धा कप, आणि मग मुद्दा काढला. पाऊस येईपर्यंत मशीन बंद ठेवायचं आणि भट्टी चालू. त्यासाठी पुन्हा तात्पुरती सवलत मागणार. रहिवाशांची हरकत नाही असं लिहून द्यावं लागेल. सगळे सह्या द्यायला तयार आहेत.

"मग माझ्याकडं काय?"

"तुमची तक्रार आहे ना फाईलला. तुमची सही नसेल तर वरून प्रश्न येईल."

तक्रारीचा असा उपयोग झाला. मी सही करणार नाही असं सांगून बाहेर पडले आणि घरी येईपर्यंत माझी मान ताठ होती. वर्षानुवर्षं माझ्या सहीला कुणी विचारलं नव्हतं, आता तिच्यावर भट्टी अडली होती. मला त्याची मजासुद्धा वाटली, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात सलग काही दिवस नळ आलाच नाही. टँकर आला तो लांबच्या गल्लीतच रिकामा झाला. आमच्याकडं ड्रममध्ये पाणी होतं, कारण आम्ही दोघीच आणि मी कंजूष. एका सकाळी घंटीचा आवाज आला नाही. माय म्हणाली, "म्हातारीनं पूजा केली न्हाई. म्हंजे चहा बी घेतला नसंल." दुपारी पण तेच. आजी पायरीवर आल्या त्या भिंतीला धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं ड्रममधून कळशी भरायला लावली आणि मला समोर पाठवलं.

"आजींच्या आंघोळीला," मी वहिनींना म्हणाले. वहिनी म्हणजे आजींची सून. त्यांनी कळशी दोन्ही हातांनी घेतली आणि खूप आभार मानले. मी कामावर गेले.

जेवायला आले तर समोरच्या मोरीपाशी वहिनी भांडी विसळत होत्या, आमच्या कळशीतून. आजी पायरीवर होत्या. कपाळ कोरडं, विभूती नाही, ओठ सुकलेले. माय आमच्या पायरीवर. ती कळशीकडं बघत होती. मग आजीच म्हणाल्या, "राग धरू नको, यव्वा. भांड्याला कामी आलं. पूजेचं पानी येगळं असतंय."

मायनं विचारलं, "नळाचं चालतं?"

"हाव. नळाचं चालतं."

"आन आमच्या ड्रमात कोन्या नळाचं हाय?"

आजी खाली बघायला लागल्या. वहिनींनी भांडी उचलली आणि आत गेल्या. इतक्या दुपारी एकत्र बसलेल्या त्या दोघी, एकमेकींची औषधं लक्षात ठेवणाऱ्या. मला आजींची कीव आली नाही, राग आला. भुकेनं चक्कर आलेल्या बाईचा इतका राग येऊ शकतो याचंही नवल वाटलं. मी मायचा हात धरून तिला आत आणलं आणि दार लावलं.

"आता तर मी मेले तरी सही करणार नाही," मी म्हणाले.

माय खाटेवर बसली. मशीन चालू होतं, श्वास नीट होता. मग म्हणाली, "कर सही."

"ती तुझं पाणी घेत नाही, माय!"

"माज्या हातचं न्हाई घेत. नळाचं घेती ना? नळ कुनाच्या घरचा नसतो."

"आणि तुझा दम? तू आता कुठं झोपायला लागलीस."

"तुला सांगितलेलं हाय का न्हाई," ती म्हणाली, "आमी लहान असताना हिरीच्या खाली घागर घेऊन उभं राहायचो. हात लावायचा न्हाई. वरून कुनी वतलं तर पानी, न्हाई तर दुपार व्हस्तोवर उभं. मला कुनी पान्यासाठी उभं केलं म्हनून मी कुनाला उभं करनार न्हाई. ती तशी हाय. मी कामून तशी व्हऊ?"

"पण तू नाही अडवलंस पाणी. विद्यापीठानं अडवलंय. लॉन आहे त्यांचं."

"लॉनवाल्यांना तू भांड. मी भांडू नको म्हनते का? पर ती म्हातारी कालपासनं उपाशी हाय."

मी खूप बोलले. माणसाची हवा काढून घेऊन माणसाला पाणी द्यायचं, हा कुठला न्याय, असं बोलले. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "करत नसशील तर मला उमरीच्या गाडीत बसवून दे. ज्या घरापायी पानी अडलं त्या घरात मी राहनार न्हाई." उमरीला कुणी नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. मायच्या धमक्या कधी पोकळ नसायच्या, हे मला माहीत होतं.

मी दुसऱ्या दिवशी सही केली. साहेबांनी पेन पुढं केलं, मी माझंच वापरलं. नेहमीसारखी सही आली, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सवलत मिळाली. पाऊस येईपर्यंतची. मशीन थांबलं आणि नळ परत सुरू झाला. पाऊस आला, पण तोपर्यंत मशीनच्या फवाऱ्यांत खार साचून ते बंद पडले होते, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत मुदतवाढ. मग सुटे भाग येईपर्यंत मुदतवाढ. आता भाग आलेत असं म्हणतात. अतिथीगृहापुढची हिरवळ छान आहे. मी लॉनवाल्यांशी भांडते आहे, मायनं सांगितलंच होतं. अर्जावर अर्ज देते, ते फाईलला लागतात. समोरची आजी आणि माय पुन्हा बोलतात, पण पायरीवरून नाही, कारण माय बाहेर बसू शकत नाही. आजीच आमच्या दाराशी येतात आणि आत न येता, जाळीच्या दारातून बोलतात. एकदा मी त्यांच्यापुढं चहाचा कप धरला, जरा मुद्दामच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कप घेतला आणि प्यायल्या. मायनं आतून ते पाहिलं आणि मला डोळ्यांनी दटावलं. तेव्हा त्यांची पूजा आधीच झालेली होती, त्यामुळे त्याचा फार अर्थ लावू नये. मी लावत नाही, असं मी स्वतःला सांगते.

पाणी एक दिवसाआड येतं. पाण्याच्या दिवशी भट्टीही असतेच. आज सकाळी मी पायरीवर उभी राहिले तर धूर सरळ आमच्या बाजूला वळलेला होता, करपलेल्या केसांचा वास येत होता. मी टॉवेल पिळून आत आले. माय खाटेवर उशा मांडीवर घेऊन बसलेली, खांदे वर-खाली होत होते. मी खिडकीला हात घातला तर तिनं हातानंच थांब म्हटलं.

"माय, धूर येतोय."

तिनं मान हलवली आणि खिडकीकडं कान देऊन बसली. समोर नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बादलीत धार पडल्याचा. तरी ती थांबायला लावत होती. मी ओला टॉवेल हातात धरून उभी राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं. तिचे ओठ निळसर दिसायला लागले होते आणि तरी ती ऐकत होती. बऱ्याच वेळानं समोरच्या घरात घंटी वाजली.

"लाव आता," माय म्हणाली.